पाच हेक्टर बाग आणि घरची वायनरी : शाश्वत पद्धतींची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : आई-वडिलांनी लावलेली पाच हेक्टरांची द्राक्षबाग आणि तिला लागून असलेली छोटी वायनरी आता तुम्हा दोघा भावंडांच्या हाती आली आहे, गाठीशी पैसा बेताचाच आहे, आणि बाग सेंद्रिय करावी, छतावर सौर पॅनेल बसवावेत, की आधी एखादे प्रमाणपत्र मिळवावे, हे ठरत नाही. बाग आणि तळघर या दोन्ही ठिकाणी मिळून सव्वीस वर्षे काम केल्यावर मी एवढेच सांगेन की या तिन्हींच्या आधी एक वही घाला. वर्षभरात किती पाणी, डिझेल, वीज, फवारणीचे द्राव आणि किती किलो काच लागली, आणि त्यातले काय कोणत्या कामाला गेले, हे त्या वहीत तारखेनिशी लिहिले गेले पाहिजे. जे डोळ्यांना खुपते तेच सर्वांत जास्त नुकसान करते असे आपण धरून चालतो. वही भरत गेली की हा समज मोडतो.

तुमच्याच आकारमानाचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. हेक्टरी आठ टन उत्पादन धरले तर चाळीस टन द्राक्षे होतात. टनामागे ६५० लिटर वाइन धरली तर २६,००० लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या साधारण ३५,००० बाटल्या. आता तुम्ही वापरता ती रिकामी बाटली वजनकाट्यावर ठेवा. बाजारात सरसकट दिसणारी बाटली सुमारे ५५० ग्रॅमची असते, 'भारदस्त' दिसावी म्हणून घेतलेली तर ९०० ग्रॅमच्याही पुढे जाते, आणि पुरेशी मजबूत असलेली हलकी बाटली ४२० ग्रॅमच्या आसपास मिळते. ५५० वरून ४२० वर आलात तर वर्षाला साडेचार टन काच वितळवण्याचे आणि वाहून नेण्याचे टळते. वाइनच्या कार्बन हिशेबात बहुतेक वेळा सर्वांत मोठा एकेरी वाटा काचेच्या बाटलीचाच निघतो, आणि तरीही शाश्वततेची चर्चा निघाली की बाटलीकडे शेवटी लक्ष जाते, कारण ती बागेत दिसत नाही. शॅम्पेनच्या उत्पादकांनी, ज्यांच्या बाटलीला आतल्या वायूचा मोठा दाब सोसावा लागतो, २०१० मध्ये आपली प्रमाण बाटली ९०० वरून ८३५ ग्रॅमवर आणली. मग दाब नसलेल्या वाइनला जड काच लागते या म्हणण्यात अर्थ उरत नाही. ग्राहक जड बाटलीला चांगली वाइन समजतो ही अडचण खरी आहे, पण कुटुंबाच्या वायनरीत ग्राहकाशी थेट बोलता येते आणि हे कारण त्याला पटते, असा माझा अनुभव आहे. पुढची खरेदी करताना हा एक निर्णय घ्या. त्याला भांडवल लागत नाही.

यानंतर पाणी. वायनरीत जाणारे पाणी जवळजवळ सगळे धुण्याचे असते, आणि एक लिटर वाइनमागे ते दोन-तीन लिटरांपासून दहा लिटरांपर्यंत कितीही लागू शकते. हा फरक यंत्रांमुळे कमी आणि सवयींमुळे जास्त पडतो. ज्या वायनरीत मी उमेदवारीची वर्षे काढली, तिथे पाण्याला एकच मुख्य मीटर होता आणि सगळे गृहीत धरून चालले होते की पाणी टाक्या धुण्यात जाते. आम्ही द्राक्षे पिळण्याच्या प्रेसजवळ, टाक्यांच्या ओळीला आणि बाटल्या भरण्याच्या खोलीत असे तीन स्वस्त मीटर बसवले, आणि तीन आठवड्यांत लक्षात आले की सर्वांत जास्त पाणी जमिनीवर पडलेल्या साली आणि बिया नळीच्या धारेने गटारापर्यंत ढकलत नेण्यात जात होते. म्हणजे आम्ही पाण्याचा झाडू करत होतो. रबरी पट्टीचा वायपर, फावडे आणि नळीच्या तोंडाला सोडताच बंद होणारी पिस्तूल-तोटी, एवढ्यावर त्या हंगामाचा वापर तिसऱ्या हिश्शाने खाली आला.

साली आधी कोरड्या गोळा करण्याचा फायदा पाण्यापुरता नाही. वायनरीचे सांडपाणी आम्ल असते आणि त्यात साखर, अल्कोहोल व यीस्टचा गाळ असल्याने ते कुजताना प्रचंड प्राणवायू खाते. बारा-तेरा टक्के अल्कोहोलच्या एक लिटर वाइनचा रासायनिक प्राणवायू भार दोन लाख मिलिग्रॅमच्या पुढे जातो, तर घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरचा तो पाचशेच्या आसपास असतो. टाकी उपसताना तळाशी राहिलेली एक लिटर वाइन गटारात सोडणे म्हणजे चारशे लिटर घरगुती सांडपाणी सोडण्यासारखे आहे. म्हणून गाळ, तळाची वाइन आणि पहिल्या धुण्याचे दाट पाणी वेगळ्या पिंपात घ्या आणि चोथ्याबरोबर खताच्या ढिगावर टाका. उरलेले पातळ पाणी चाळणीतून काढून, एका टाकीत साठवून, चुन्याने त्याचे आम्ल उतरवून, हवा खेळवून मग वेतासारख्या पाणवनस्पती लावलेल्या खडीच्या वाफ्यातून सोडले तर छोट्या वायनरीला पुरेसे शुद्धीकरण होते. मात्र स्थानिक नियमानुसार त्याची तपासणी आणि परवानगी आधी घ्या. टाक्या धुण्याच्या कॉस्टिक सोड्याबद्दल एक सावधगिरी ठेवा. त्यातले सोडियम शेतात साठले की चिकणमातीचे कण सुटे होतात, जमीन घट्ट बसते आणि पाणी मुरेनासे होते. टाकीच्या भिंतीवरचे टार्ट्रेटचे, म्हणजे द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे, खडे नुसत्या गरम पाण्यातही बरेच विरघळतात, ते आधी करून पाहावे. क्षार वापरावाच लागला तर तोच द्राव एका टाकीतून दुसरीत फिरवावा आणि शक्य तिथे पोटॅशियमचा घ्यावा, अर्थात अति पोटॅशियमही जमिनीला मानवत नाही.

आता बागेकडे. जमिनीविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण इथे घाईने केलेली चूक दुरुस्त व्हायला वर्षे जातात, आणि ती मी स्वतः केलेली आहे. उघडी, सतत नांगरलेली ओळ पावसाच्या पहिल्या जोरदार सरीत वरची माती घालवते, उन्हात तापते आणि तिच्यातला सेंद्रिय अंश झपाट्याने जळतो. त्यामुळे ओळींच्या मधे आच्छादन पीक घ्यावे हा सल्ला योग्यच आहे. मी तो ऐकला आणि उथळ मातीच्या एका उतारावर सगळ्याच ओळींत बहुवर्षायू गवत पेरले. दुसरे वर्ष कोरडे गेले. फुटींची लांबी निम्म्यावर आली, पाने फिकी पडली, आणि खरा फटका तळघरात बसला : त्या प्लॉटच्या रसात यीस्टला लागणारा नत्र लिटरला शंभर मिलिग्रॅमही नव्हता, तर १४० च्या खाली गेले की किण्वन रेंगाळण्याचा धोका सुरू होतो. टाकीला कुजक्या अंड्यांचा वास सुटला आणि साखर संपायच्या आधीच किण्वन थांबले. गवताने वेलीचे पाणी आणि नत्र दोन्ही खाल्ले होते, आणि मी वेलीकडे न पाहता पुस्तकाकडे पाहिले होते.

तेव्हापासून मी एकाआड एक ओळीत पेरतो, नत्र बांधणारी द्विदल पिके आणि तृणधान्ये यांचे मिश्रण घेतो, आणि फुलोऱ्याच्या सुमारास ते कापून तिथेच पसरतो किंवा रोलरने आडवे करतो. जोमदार, खोल जमिनीत मात्र तेच बहुवर्षायू गवत फायद्याचे ठरते, कारण ते वेलीचा अनावश्यक वाढीचा जोर ओढून घेते. कोणता प्लॉट कोणत्या प्रकारचा, हे कुदळ सांगते. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी फूटभर खोल खड्डा घ्या आणि मातीचे ढेकूळ हातात घेऊन हलकेच दाबा. दाण्यादाण्यांनी सुटले, आत मुळांच्या वाटा दिसल्या, गांडुळाची भोके दिसली, ओल्या मातीचा गोडसर वास आला तर ठीक; पाटीसारखे थर निघाले आणि मुळे एका पातळीवर येऊन आडवी वळलेली दिसली तर ट्रॅक्टरच्या चाकाने खाली कडक थर बसवला आहे. तिथे आधी ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घालणे बंद करावे लागेल. मातीपरीक्षणाचा अहवाल घ्याच, पण त्यात हा थर दिसत नाही.

पाणी देण्याविषयी थोडक्यात. ठिबक तुमच्याकडे आहेच; प्रश्न कधी द्यायचे याचा आहे. वाइनच्या द्राक्षाला मणी धरल्यानंतर ते रंग धरेपर्यंतच्या काळात सौम्य ताण मानवतो, मणी लहान राहतात आणि रंग व चव एकवटते. हा ताण अंदाजाने देऊ नका. प्रेशर चेंबर नावाचे उपकरण भर दुपारी पानाच्या देठातून पाण्याचा ताण मोजून देते. ते आसपासच्या बागाइतदारांनी मिळून घेतले तरी चालते. ठिबकच्या ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तोट्यांखाली एकाच वेळी मापे ठेवून निघणारे पाणी वर्षातून एकदा तपासले तर तुंबलेल्या तोट्याही सापडतात.

सेंद्रिय व्हावे का, या प्रश्नाचे उत्तर फवारणीच्या खोलीत आहे. केवडा, म्हणजे डाऊनी हा वेलीचा बुरशीजन्य रोग, १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला. बोर्डोजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना घाबरवण्यासाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना शिंपडत असत, आणि त्याच वेली निरोगी राहिल्याचे बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण प्रसिद्ध केले. बोर्डो मिश्रणाने बागा वाचल्या, हे खरे. पण तांबे कुजत नाही. प्रत्येक फवारणीचे तांबे वरच्या थरात साठत जाते आणि एका मर्यादेनंतर गांडुळांना व सूक्ष्मजीवांना घातक ठरते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांबे, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, अशी मर्यादा घातली. सेंद्रिय बागेत केवड्यावर मुख्य भरवसा तांब्यावर असतो, आणि ते पावसाने धुऊन जात असल्याने ट्रॅक्टरच्या फेऱ्याही वाढतात. पावसाळी, दमट हवेत सेंद्रिय बाग काही वर्षी जास्त डिझेल आणि जास्त धातू वापरते. कोरड्या, वाऱ्याच्या जागी मात्र सेंद्रिय पद्धत फार सुरेख जमते. निर्णय हवामानावर घ्या, शब्दाच्या आकर्षणावर नको.

कोणतेही औषध वापरत असलात तरी आधी फवारा तपासा. पिवळे, पाण्याचा थेंब पडताच निळे होणारे कागदाचे तुकडे मिळतात. ते पानांच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, घडाजवळ आणि दोन ओळी सोडून पलीकडे टाचणीने लावा आणि नुसते पाणी फवारा. हंगामाच्या सुरुवातीला, फुटी हातभरच असताना, साध्या ब्लोअरचा निम्म्याहून अधिक द्राव वेलीवर न बसता पलीकडे जातो. पलीकडचा कागद निळाशार आणि पानाखालचा कोरा पिवळा, हे दृश्य मी किती बागांत पाहिले ते सांगता येणार नाही. वरचे नोझल बंद करणे, झिजलेली नोझल बदलणे, पंख्याचा वेग कमी करणे आणि ओळीप्रमाणे द्रावाचे प्रमाण ठरवणे, यातून औषधाची जी बचत होते ती एखादे महागडे 'हरित' उत्पादन आणून होत नाही. त्याच्या जोडीला घडांभोवतीची पाने वेळेवर काढून हवा खेळती ठेवा. भुरी (पानांवर व मण्यांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) आणि करडी बुरशी दोन्हींना तेथेच अटकाव होतो. ओळीच्या टोकाला गुलाब लावले म्हणजे भुरीची आगाऊ सूचना मिळते असे सांगितले जाते, परंतु गुलाबाची भुरी करणारी बुरशी वेगळी आणि वेलीची वेगळी. गुलाब शोभेसाठी जरूर लावा, इशाऱ्यासाठी मात्र रोज पानाची खालची बाजू उलटून पाहा. जुन्या ओळी काढून नवी लागवड कराल तेव्हा एका तुकड्यावर रोगप्रतिकारक जातीही करून पाहा. सोलारिस, रिजंट, सुविन्ये ग्री यांसारख्या जातींना फवारण्या बऱ्याच कमी लागतात.

प्रमाणपत्राविषयी फार लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २००४ मध्ये शाश्वत द्राक्षशेतीची जी व्याख्या केली, तिच्यात पर्यावरणाबरोबरच आर्थिक टिकाव आणि माणसांची सुरक्षितता धरलेली आहे, आणि ती नजरेसमोर ठेवणे पुरेसे आहे. दोन वर्षांची वही तयार असेल तर कोणत्याही प्रमाणपत्राचे निम्मे कागद तिच्यातून निघतात. बायोडायनॅमिक, म्हणजे चंद्र-ग्रहांच्या गतीशी शेतीची कामे जोडणाऱ्या सेंद्रिय पद्धतीचा पाया ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांत आहे. तिच्या तात्त्विक भागाशी मी सहमत नाही, पण ती पाळणारी माणसे रोज बागेत फिरतात आणि चांगले कंपोस्ट करतात, आणि त्याचा परिणाम त्यांच्या जमिनीत दिसतो.

ऊर्जेत मोठा भाग थंड करण्याचा आहे. एक टन द्राक्षे दहा अंशांनी थंड करायला विजेच्या सुमारे दहा युनिटांइतकी उष्णता काढावी लागते, म्हणून पहाटेच्या गारव्यात तोडणी केली तर हे काम रात्रच फुकट करून देते. पुढे किण्वनात एका ब्रिक्समागे, म्हणजे रसातल्या एक टक्का साखरेमागे, सुमारे १.३ अंश इतकी उष्णता निर्माण होते. बावीस ब्रिक्सच्या रसात ती सगळी साठली तर तापमान जवळजवळ तीस अंशांनी चढेल. टाक्या आणि थंड पाण्याचे पाइप यांना चांगले इन्सुलेशन करणे हे सौर पॅनेलच्या आधीचे काम आहे, नाहीतर पॅनेलची वीज उघड्या पाइपवर दव धरण्यात जाते. टार्ट्रेट बसवण्यासाठी वाइन आठवडाभराहून अधिक उणे चार अंशांवर ठेवण्याचा प्रघातही तपासून पाहा. बारीक टार्ट्रेटचे बी घालून हे काम बऱ्याच कमी वेळात होते. एवढे करून झाले की पॅनेल जरूर बसवा.

चोथा हा कचरा नाही. चाळीस टनांतून सुमारे आठ टन चोथा निघेल आणि वेलीने जमिनीतून उचललेले पोटॅश मोठ्या प्रमाणात त्यात असते. तो ताजा पसरू नका, कारण आम्ल आणि टॅनिनमुळे उगवण दबते. छाटणीच्या काड्यांचा भुसा, शेण आणि गाळ यांच्यासह ढीग लावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोपरापर्यंत हात आत घालून पाहावा : हात ठेववत नाही इतके गरम लागले तर ढीग चालू आहे, थर्मामीटर ५५ ते ६५ अंश दाखवेल. गार आणि आंबूस लागला तर हवा कमी आहे, उलथवा. मात्र ज्या वेलींचे खोड आतून काळे पडून मरू लागले आहे त्यांच्या काड्या ढिगात घालू नका. खोडाचे हे रोग छाटणीच्या जखमेतून शिरतात, म्हणून छाटणी कोरड्या दिवशी करा आणि मोठ्या जखमांना लेप लावा. नवीन वेल उत्पादनावर यायला तीन वर्षे जातात. आई-वडिलांनी लावलेली वेल आणखी वीस वर्षे निरोगी राखणे याइतके काटकसरीचे काम बागेत दुसरे नाही.

शेवटी माणसांविषयी, आणि हे मी कळकळीने लिहितो. एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेहून जड असल्याने तळघराच्या तळाशी आणि रिकाम्या टाकीत साचतो, आणि हवेत दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर काही क्षणांत शुद्ध हरपते. मेणबत्ती विझते की नाही यावर भरवसा ठेवू नका. कमरेच्या उंचीवर गजर करणारे मापक लावा, खालून हवा ओढणारा पंखा बसवा, आणि टाकीत एकट्याने कोणी उतरायचे नाही हा नियम भिंतीवर लिहा. पडलेल्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही बळी पडतो, असेच बहुतेक अपघातांत घडते. मोठ्या कौटुंबिक वायनऱ्यांपैकी स्पेनमधील टोरेस हा वायू धरून टाक्यांवर संरक्षक थर म्हणून वापरतात. तुमच्या आकाराला ते यंत्र परवडणार नाही, पण तो वायू सुरक्षितपणे बाहेर काढणे परवडते आणि ते पहिल्याच हंगामात करायला हवे.

वही कोणी लिहायची, हे भावंडांनी आजच ठरवून घ्या : एकाने बागेची पाने भरावीत, दुसऱ्याने तळघराची, आणि महिन्यातून एकदा दोघांनी ती शेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे गवताने खाल्लेला नत्र आणि थांबलेली टाकी यांचा संबंध माझ्यासारखा उशिरा कळणार नाही. पाण्याचे मीटर तोडणीच्या किमान महिनाभर आधी बसवा, कारण वायनरी शांत असतानाचा आकडाही लागेल. त्या काळात मीटर रात्रीही फिरताना दिसला तर गळती कुठे आहे ते हंगामाच्या गडबडीआधी शोधता येईल.